फौजी मामांची तब्येत

“ह्यो माणूस आजारी? मंग माजा म्हातारा तर कवाच मेला!”

बोईसरहून पालघरला निघालेल्या शेअर रिक्षात समोर बसलेली मावशी शेजारणीच्या कानात म्हणाली, पण मासळीबाजारातल्या आवाजात. मासे विकून, रिकामी पाटी घेऊन ती सातपाटीला परतत होती. निघताना मामीने रिक्षावाल्याला बजावलं होतं, “फौजी माणूस आहे, आजारी आहे, सावकाश ने.” म्हणून ही चर्चा.

मी बाहेर बघत राहिले. मामा ताठ बसले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट. सैन्यातून परतल्यापासून त्यांचं मन थाऱ्यावर नाही. कंपनीचा भोंगा वाजला तरी ते जमिनीवर आडवे होतात. या आजारासाठी मिळणारी अपंगत्व पेन्शन मात्र नाकारली गेली. पेन्शनच्या तपासणीत डॉक्टरांनी “कसे आहात?” विचारलं आणि मामा सवयीने म्हणाले, “ठीक हूँ, सर!” वरिष्ठांपुढे रडगाणं गायचं नाही, एवढंच ते शिकलेले. आज पालघरला सैनिकांच्या कार्यालयात अपिलाचा अर्ज भरायचा होता. मामीला कामावर सुट्टी नव्हती, म्हणून पुण्याहून सुट्टीला आलेली मी सोबत. मी, जी हॉटेलात पाणीसुद्धा मागत नाही.

कारखान्यांच्या चिमण्या मागे पडल्या. सुकलेली भातखाचरं आणि ताडाची झाडं सुरू झाली. मावशीने पिशवीतून ताडगोळे (ताडाची कोवळी, पाणीदार फळं) काढले.

“घे गो पोरी. फौजी, तुमी पण खा. रागावले नाय ना?”

मामा हसले. ताडगोळ्याचं पाणी थेट बुटांवर सांडलं, आणि सगळी रिक्षा रुमाल शोधू लागली.

पालघरच्या कार्यालयातले साहेब स्वतः माजी सैनिक होते.

“बसा. तब्येत कशी आहे आता?”

मामा बसता बसता उठले. टाचा जुळल्या.

“ठीक हूँ, साहब!”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “आम्ही सगळे हेच म्हणतो हो,” ते हळूच म्हणाले आणि माझ्याकडे वळले. “घरच्यांना काय दिसतं?”

मी मामांकडे पाहिलं. त्यांनी नजर चुकवली, मग हळूहळू खुर्चीत बसले आणि मान हलवली. सांग.

“मामा ठीक नाहीत, साहेब. झोपेत ओरडत उठतात, मग आमची झोप मोडू नये म्हणून बाहेर पायरीवर जाऊन बसतात. लिहून घ्या, मी सगळं सांगते.”