आयरिश गाण्याला धरलेली टाळी

ये गं भाचे, जवळ बसल्यासारखी वाच. फोनवर मेली नुसती हौस, "आत्या, ते आयरिश गाणं म्हण ना!" वर्ष झालं, माझ्याकडे नॉर्थ यॉर्कला पाऊल नाही तुझं. गाणं का बंद केलं, ते फोनवर सांगण्यासारखं नाही.

आमच्या बिल्डिंगच्या पार्टी रूममध्ये रविवारी दुपारी आम्ही म्हातारेकोतारे गातो. बॅन्जो वाजवणारे आजोबा आयर्लंडचे. माझी पेटी ऐकून म्हणाले, "साथ कर." मी कुठे शिकलेय? ऐकून ऐकून बसवली. त्यांच्या गाण्यांचे शब्द वहीत देवनागरीत उतरवले नि पाठ केले. अर्थ विचारला नाही. आपण संस्कृत स्तोत्रं तरी कुठे अर्थ विचारून म्हणतो! इंग्रजांविरुद्धची गाणी, एवढं कळलं. मला तेवढं पुरलं. आपल्याही डोक्यावर तेच बसलेले ना.

आठव्या मजल्यावरची माझी मैत्रीणही तिकडचीच, पण उत्तरेकडची. तो तुकडा इंग्रजांकडेच राहिला, पोलीसही त्यांचेच, आणि पुढे तिथे शेजारीच एकमेकांच्या जिवावर उठले. हे मला तेव्हा माहीत नव्हतं गं. चार हिवाळे आम्ही हातात हात धरून बर्फातून ग्रोसरीला गेलो. बाप लहानपणीच गेला, एवढंच ती बोललेली. गाण्याला कधी यायची नाही. त्या रविवारी मीच ओढून आणली. "चल, आज तुझ्या देशाचं गातेय."

मग भजनात करतो तेच केलं मी. ध्रुवपद पुन्हा पुन्हा घेतलं, लय चढवत नेली, सगळ्यांना टाळी धरायला लावली. खोली दणाणली. तिनेही धरली. तिसऱ्या कडव्याला पाहिलं, तर तिचे हात मांडीवर पडलेले आणि ती त्यांच्याकडे बघतेय, जसे काही दुसऱ्याच कुणाचे.

नंतर वॉशरूममध्ये नळाखाली हात धरून उभी होती. म्हणाली, "ज्यांनी दबा धरून पोलिसांना मारलं, त्यांची स्तुती आहे ती. माझा बाप पोलीस होता. आमच्याच दारात गोळ्या घातल्या त्याला. आणि आज मी टाळ्या वाजवल्या."

"मला ठाऊक नव्हतं गं."

"तू विचारलंच नाहीस."

मी तरातरा आजोबांकडे गेले. "असलं गाणं मला का शिकवलंत?"

ते बॅन्जो पुसत राहिले. "माझ्या भावाला पोलिसांनी घरातून उचलून नेलं होतं. परत आला तो पाय ओढत. मग मी कुठलं गाणं म्हणू, तूच सांग."

मला दोघांचंही खरं वाटलं. पेटी मिटली, ती पुन्हा उघडली नाही.

तेव्हापासून ती लिफ्टमध्ये नुसती मान हलवते. ग्रोसरी घरपोच मागवते. बेसनाचे लाडू घेऊन दोनदा आठव्या मजल्यावर गेले, बेल न वाजवता परत आले. माझं मोडकंतोडकं इंग्रजी असली माफी मागायला पुरायचं नाही. असतं तरी काय म्हणणार होते? काल खालचा सिक्युरिटीवाला म्हणाला, महिनाअखेरीला ती कायमची मुलाकडे जातेय, दुसऱ्या गावाला, रिचमंड हिलला.

तू लवकर ये गं, ह्याच शनिवारी ये. रागाव मला वाटल्यास. पण त्या दारापर्यंत माझ्यासोबत चल.