अर्धी गोळी, मूठभर मेथी

डॉक्टरबाईंनी एकोचा पडदा माझ्याकडे वळवला आणि त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "सर, ही मायट्रल व्हॉल्व. बघा, नीट उघडतच नाही."

एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. पडद्यावर काहीतरी करडं फडफडत होतं. हृदयाच्या डाव्या बाजूला दोन कप्पे असतात, त्यांच्या मधली माझी झडप जाड होऊन आकसली होती. लहानपणी तापात सांधे सुजले होते, त्या दुखण्याने मागे ठेवलेली ही खूण. जिना चढताना लागणारी धाप मी वर्षभर वयाच्या माथी मारत होतो.

मी छप्पन्न वर्षांचा आहे. राहतो धारवाडला, सप्तापुरात, आणि हुबळीत विद्यानगरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कंट्रोल सिस्टीम्स हा विषय शिकवतो. एखादी गोष्ट हवी तिथे स्थिर ठेवायची, एवढाच त्या विषयाचा अर्थ. भट्टीचं तापमान, जनित्राचा वेग, विमानाची उंची. पहिल्याच तासाला मी पोरांना सांगतो, तळ्यातल्या माशांची संख्या घ्या नाहीतर वीजकेंद्र घ्या, गणित एकाच जातीचं. त्यातली एखादी राशी, म्हणजे पॅरामीटर, जरा सरकली की शांत चाललेली व्यवस्था हेलकावे खायला लागते.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जो गाढवपणा केला तो अज्ञानातून झालेला नाही. तुमच्यापैकी कुणाला कृत्रिम झडप बसणार असेल, तर ऑपरेशनची भीती थोडी कमी बाळगा आणि नंतरच्या दिवसांकडे जास्त लक्ष द्या.

ऑपरेशन गणपतीनंतर झालं. धातूची झडप बसली. खोलीत शांतता असली की तिची टिकटिक ऐकू येते. पहिले काही दिवस माझी बायको सुनंदा त्या आवाजाने दचकायची, नंतर तो थांबला तर काय, म्हणून कान लावून बसायची.

धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू शकते. म्हणून वॉरफरिन नावाची गोळी जन्मभर घ्यायची. लोक तिला रक्त पातळ करणारी गोळी म्हणतात. खरं तर ती रक्त गोठण्याची क्रिया मंद करते. ती किती मंद झाली हे आयएनआर या तपासणीत कळतं. माझा आकडा अडीच ते साडेतीन हवा. खाली गेला तर गुठळी, अर्धांगवायू. फार वर गेला तर रक्तस्राव. दिवाळीपर्यंत डॉक्टरबाईंनी तो तीनच्या आसपास आणून ठेवला. मी खूश होतो.

मग एळ्ळ अमावास्या आली. आमच्या भागात त्या दिवशी सगळं घर शेतात जेवायला जातं. सुनंदाच्या माहेरचं शेत काळ्या मातीचं आहे. ज्वारीच्या भाकरीबरोबर कच्ची मेथी आणि हक्करकी खायची ही इकडची रीत. हक्करकी म्हणजे महाराष्ट्रातली पाथरीची भाजी. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच तोंडाला चव आली होती. मी जुडीच्या जुडी खाल्ली, घरीही पिशवी भरून आणली आणि आठवडाभर तेच चाललं.

पुढच्या तपासणीत आकडा एक पूर्णांक सात. पालेभाजीत व्हिटॅमिन के असतं आणि ते या गोळीच्या उलट काम करतं. दवाखान्यातून निघताना हे सांगितलं होतं, पण तेव्हा माझं लक्ष डिस्चार्जच्या कागदांवर होतं. बाईंनी गोळी किंचित वाढवली, तोवर गुठळी धरू नये म्हणून काही दिवस पोटावर टोचायची इंजेक्शनं दिली आणि म्हणाल्या, "आठवड्याने तपासू. मधे काही करू नका, सर. निधान." निधान म्हणजे सावकाश.

माझ्याच्याने आठवडा निघेना. शेजारच्या गल्लीतला एक गृहस्थ अर्धांगवायूने खुर्चीला खिळलेला मी रोज पाहत होतो. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटते असं म्हणायची लाज वाटत होती. म्हणून मी आकडे मांडायला आलेख कागद काढला. दोन दिवसांनी कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये रक्त दिलं. एक पूर्णांक आठ. मी आपल्या मनाने अर्धी गोळी वाढवली. दोन दिवसांनी पुन्हा रक्त, पुन्हा अर्धी गोळी. कुणाला बोललो नाही.

वर्गात उशिराचे परिणाम शिकवताना मी न्हाणीघरातला नळ सांगतो. गीझर लांब असतो, गरम पाणी यायला वेळ लागतो. धीर नसलेला माणूस नळ आणखी फिरवतो, आणखी फिरवतो, आणि मग भाजून घेतो. पोरं दरवर्षी हसतात. गोळीचा पूर्ण परिणाम दिसायला कित्येक दिवस लागतात, हे मला ठाऊक होतं. तरी मी नळ फिरवतच राहिलो.

बाईंनी सांगितलेल्या तपासणीच्या आदल्या सकाळी दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं. मग नाकातून. टॉवेल लाल झाला तरी थांबेना. दंडावर पेल्याच्या तोंडाएवढा काळानिळा डाग होता आणि तो कशाने पडला ते आठवत नव्हतं. सुनंदाने रिक्षा बोलावली.

आयएनआर आठच्या वर. मला आयसीयूत घेतलं, गोळी बंद केली, व्हिटॅमिन केचा अगदी लहान डोस दिला. तोही जपून, जास्त झाला तर पुन्हा गुठळीचं भय. डोक्याचा सीटी स्कॅन काढला. मेंदूत रक्तस्राव झाला नव्हता. तो रिपोर्ट येईपर्यंतचा तासभर मी कुणाला सांगू शकणार नाही. त्या तासात मला कुठलंच समीकरण आठवलं नाही, नुसती टिकटिक ऐकत होतो.

संध्याकाळी डॉक्टरबाई खाटेशी बसल्या. "सर, मी वाढवलेल्या डोसाने एवढं होत नाही. काय काय बदललं ते सांगा." मी मान खाली घालून आलेख कागदाचं सांगितलं. त्यांनी हिशेब मांडला आणि म्हणाल्या, "तरीही एवढं होऊ नये. आणखी काय?"

तेव्हा पायथ्याशी उभी असलेली सुनंदा रडायला लागली. "मी भाजी बंद केली. एक पान घरात येऊ दिलं नाही. भाजीनं कमी झालंय म्हणालात, म्हणून मुकाट्यानं बटाटा, दोडका करत बसले. तुम्हाला बरं वाटावं म्हणूनच केलं की वो."

आठवडाभर माझ्या ताटात हिरवं पान नव्हतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. ताट बघतच नव्हतो, आकडा बघत होतो.

"तुम्ही गोळी वाढवताय हे मला एका शब्दानं सांगितलं नाहीसा," ती म्हणाली. मग हळूच, "मीही सांगितलं नाही."

बाई रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "एका स्टिअरिंगवर दोघांचे हात होते. दोघांनी एकाच बाजूला वळवलं, आणि एकमेकांना दिसलं नाही." आणि पुढे जे सांगितलं ते मला पहिल्या दिवशीच ऐकू यायला हवं होतं. पालेभाजी शत्रू नाही. खा, पण रोज तेवढीच खा. आज जुडी आणि उद्या शून्य, हे नको. डोस बदलायचा तो फक्त त्यांनी.

तीस वर्षं मी पॅरामीटर पॅरामीटर करत होतो आणि माझ्याच शरीरातला एक पॅरामीटर आमच्या स्वयंपाकघरात निवडला, धुतला जात होता.

पाच दिवसांनी घरी आलो. सुनंदाने एक स्टीलची लहान वाटी काढली. रोज दुपारी ती भरून चिरलेली मेथी, तेल-मीठ लावून. दाबून भरायची नाही, असा नियम तिनेच केला. गोळ्यांचा डबा तिच्याकडे, आलेख कागद रद्दीत. एकदा आकडा दोन पूर्णांक चार आला. माझा हात शिवशिवला. बाई म्हणाल्या, काही करायचं नाही. आठवडाभर काहीही न करणं हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड प्रात्यक्षिक होतं. पुढच्या खेपेला दोन पूर्णांक नऊ.

माझे आकडे, माझी वाटी तुम्ही उचलू नका. तुमचं तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि विचारताना स्वयंपाक करणारं माणूस शेजारी असू द्या. डॉक्टरबाईंचे उपकार आहेतच. पण त्या संध्याकाळी सुनंदा बोलली नसती, तर घरी जाऊन आम्ही दोघांनी पुन्हा तेच केलं असतं.

यंदाच्या एळ्ळ अमावास्येला पुन्हा शेतात गेलो. भाकऱ्यांच्या चवडी, शेंगाचटणी आणि मधोमध मेथीचा हिरवागार ढीग. मेहुणा जुडी पुढे करून म्हणाला, "घ्या की भावजी, वर्षाचा सण!"

सुनंदाने पिशवीत हात घातला आणि सगळ्यांदेखत ती वाटी बाहेर काढली. सगळे हसले, मीही हसलो. तिने वाटी भरली, बोटाने वरची पानं सारखी केली आणि माझ्यासमोर ठेवली. मग पिशवीतून अगदी तशीच दुसरी वाटी काढली, तीही तेवढीच भरली, आणि स्वतःच्या भाकरीजवळ ठेवून जेवायला बसली.