कणकेच्या डब्यातली बाटली

हिवाळ्यात दिघेकाकूंना पोळ्या करायच्या असल्या की आधी कणकेच्या डब्यातून बाटली बाहेर काढावी लागे. बाटलीत साखरेचं पाणी आणि पावात घालतात ते यीस्ट. तिच्या बुचातून निघालेली बारीक नळी भिंतीच्या कडेने बाहेरच्या खोलीत, माशांच्या टाकीत गेलेली. नवा पाहुणा विचारी, "हे काय?" काकू परात पुढे ओढत म्हणत, "झाडांचा खाऊ. सरका जरा."

फरीदाबादच्या आमच्या सोसायटीत त्या माझ्या वरच्या मजल्यावर राहत. केंद्र सरकारच्या कचेरीत स्टेनो म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या. टाकी मूळ काकांची. तिच्यात मासे थोडे, पाण्यात वाढणारी झाडंच जास्त. त्या झाडांना लागणारा कार्बन डायऑक्साइड काका सिलिंडरमधून देत. काका गेले, पुढे सिलिंडर संपला. तो जड सिलिंडर जिन्यावरून खाली नेऊन भरून आणणार कोण? पानं पिवळी पडू लागली.

दिवाळीला पुण्याहून मुलगा आला. नितीन म्हणाला, "आई, टाकी विकून टाक आणि चल माझ्याकडे. एकटीला झेपणार नाही तुला."

"टाकी की घर?"

"दोन्ही."

मी तिथेच चहा घेत बसले होते. काकू शांतपणे म्हणाल्या, "होळीपर्यंत टाकी हिरवी राहिली तर मी इथेच राहीन. मेली तर येते. बॅगा तूच भर."

नितीन इतक्या चटकन "बरं" म्हणाला, की काकूंना त्याचाच राग आला. तो गेल्यावर म्हणाल्या, "बघू, आधी कोण दमतं."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. डॉक्टरांपासून सदा बंद असणाऱ्या लिफ्टपर्यंत सगळ्यांना त्या ते ऐकवत.

"इडलीचं पीठ फुगतं ते कशानं? त्याच वायूनं. मग सिलिंडर कशाला हवाय?" असं म्हणत त्यांनी पहिली बाटली भरली, ती काठोकाठ. रात्रीत फेस नळीतून टाकीत उतरला आणि सकाळी पाणी ताकासारखं पांढरं. आम्ही दोघींनी बादल्या वाहिल्या.

"मासे चिडले असतील," मी म्हटलं.

"चिडू देत. नितीनला फोन तर करणार नाहीत ना?"

दुसऱ्या वेळी बाटली अर्धीच भरली. नळीतून एकेक बुडबुडा येऊ लागला. आणि वासही. जिन्यात आंबूस वास पसरला तसे सोसायटीचे सेक्रेटरी चौधरीजी दोघांना घेऊन दारात हजर.

"मॅडम, शिकायत आई है. आपके यहाँ शराब बनती है?"

काकूंनी दार पूर्ण उघडलं. "भाईसाब, शराब होती तो पहले आपको पूछती. आइए, देख लीजिए."

बरोबरचे दोघे हसले, चौधरीजी नाही. बाटली ठेवू दिली, पण अधूनमधून तपासणीला येऊ लागले.

मग फरीदाबादची खरी थंडी आली आणि बुडबुडे थांबले. काकूंनी बाटलीला काकांचा मफलर गुंडाळला, कोमट पाणी घालून नवी बाटली लावली. दुपारपर्यंत चाले, पुन्हा गप्प. पानांच्या कडा तपकिरी व्हायला लागल्या. एका संध्याकाळी काकू टाकीसमोर नुसत्या बसून होत्या. बॅगा माळ्यावरून खाली काढलेल्या दिसल्या.

तेवढ्यात चौधरीजी तपासणीला आले. "आज बदबू नहीं है," ते म्हणाले.

"ठंड से मर गया," काकू म्हणाल्या. "खुश हो जाइए."

चौधरीजी बाटलीकडे पाहत राहिले. "मर कैसे गया? हमारे यहाँ जाड़े में दही आटे के डिब्बे में जमता है. इसको भी आटे में दबा दो जी."

काकू उठल्या. कणकेच्या प्लास्टिकच्या डब्याच्या झाकणाला तापलेल्या खिळ्याने नळीसाठी भोक पाडलं, नव्या कोमट बाटलीला पिशवी घालून ती गळ्यापर्यंत कणकेत पुरली. दुसऱ्या दिवशीही बुडबुडे येत होते. बॅगा पुन्हा माळ्यावर गेल्या.

होळीला नितीन आला तेव्हा टाकी गर्द हिरवी होती. तो बराच वेळ वाकून पाहत राहिला. मग म्हणाला, "पण आई, इथली हवा तरी..."

"हवा वाईट म्हणून श्वास घ्यायचं सोडतं का कुणी? हात धू. पुरणपोळ्या झाल्यात."

त्यानंतर त्याने विषय काढला नाही. काकू शेवटपर्यंत त्याच घरात राहिल्या आणि मागच्या थंडीत तिथेच, झोपेत गेल्या. तेराव्यानंतर नितीनने मला हळूच विचारलं, "टाकी रिकामी करू का?" मी सहसा कुणाला नाही म्हणत नाही. त्याला म्हटलं, "नको."

टाकी आता माझ्याकडे आहे, डबाही. काकूंच्या घरात भाडेकरू आलेत, त्यांनी परवा वासाची तक्रार केली. चौधरीजी माझ्या दारात उभे राहिले. आता ते काठी घेऊन चालतात.

"शिकायत आई है," ते म्हणाले.

"फिर?"

"मैंने कह दिया, शराब होती तो पहले मुझे पूछतीं."

मग चपला काढून ते स्वयंपाकघरात आले, डब्याचं झाकण उचलून आत डोकावले आणि माझ्याकडे वळून नाराजीने म्हणाले, "आटा कम है जी. ठंड लग जाएगी."