शिकरण आणि लसणीची चटणी

कार्तिकातला मंगळवार, वेळ दुपारी अडीचची, स्थळ, संगमेश्वर येथील कैलासवासी वैद्य नरहर आठल्ये यांच्या घराचे जेवणघर. त्यांच्या सूनबाई मंदाकिनीबाई टेबलाशी बसल्या आहेत. पुढ्यात वाटीभर शिकरण आणि त्यावर चमचाभर लसणीची चटणी. हा पदार्थ त्यांना विलक्षण प्रिय. परंतु गेली तेहेतीस वर्षे तो त्यांनी कोठीच्या दाराआड, उभ्यानेच खाल्ला आहे. दुधात मीठ आणि लसूण म्हणजे विरुद्धाहार, तो या घरात चालणार नाही, असे सासऱ्यांनी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात बजावले होते. सासरे जाऊन अकरा वर्षे झाली, तरी कोठीचे दार सुटले नाही. आज यजमान देवरुखला गेलेले पाहून त्यांनी वाटी टेबलावर आणली खरी. पण समोर भिंतीवर सासऱ्यांचा, म्हणजे अप्पांचा फोटो आहे, आणि चमचा उचलवत नाही. उचलू की नको, या घोळात डोळे जड होतात.

समोरच्या खुर्चीवर अप्पा बसले आहेत. मंदाकिनीबाईंना त्याचे नवल वाटत नाही. वाटीवर झाकायला हाताशी ताटली नाही, एवढीच चुटपुट लागते.

"हे काय आहे?"

"शिकरण."

"आणि वर?"

"तुम्हाला दिसतंय, अप्पा."

"डावा हात दे."

मनगटावर तीन बोटे टेकतात. भिंतींना आता बरण्यांच्या फळ्या आहेत. हा अप्पांचा दवाखाना आहे. बाकावर रोगी ओळीने बसले आहेत आणि प्रत्येकाच्या मांडीवर एकेक झाकलेली वाटी आहे.

"किती वर्षं खातेस?"

"तेहेतीस."

"अंगावर कधी चट्टे?"

"एकही नाही."

"भूक मंदावली?"

"माझ्याकडे बघून तसं वाटतं का?"

अप्पा नाडी पुन्हा चाचपतात. सुनेवर नाही तर नाही, निदान नाडीवर तरी त्यांचा विश्वास असतो. "शास्त्र सांगतं की–"

"शास्त्र दूध आणि केळंसुद्धा एकत्र खाऊ नका म्हणतं. तुम्ही दर रविवारी दोन वाट्या शिकरण खायचात. वाढायला मीच होते."

बाकावर कोणीतरी खुदकन हसते.

"ते आमच्या वडिलांपासून चालत आलंय," अप्पा म्हणतात.

"हे माझ्यापासून चालू होईल."

फरशीवर नदीचे पाणी आले आहे. दोघे घाटाच्या पायरीवर बसले आहेत, वाटी मधोमध.

"मी होतो तेव्हा का नाही बोललीस?"

"तुम्ही विचारायचा नाहीत. नुसतं सांगायचात."

"बरं, खा. पण कोठीत खा. मी एवढंच मागतो."

"नाही."

मंदाकिनीबाई त्यांच्या डोळ्यांदेखत चमचा तोंडात घालतात. आधी गार गोडवा, मागून लसणीचा जाळ. अप्पा तोंड फिरवीत नाहीत. कनवटीतून कागदाचा चौकोन काढतात, त्यावर काही ओततात आणि नखाने कडा दाबीत पुडी बांधतात.

"सुंठ आहे. वर चिमूटभर घालूनच खायचं. नाहीतर माझी परवानगी नाही."

"मी परवानगी मागितलीच नाहीये."

पुडी तरीही त्यांच्या मुठीत येते.

फाटकाची कडी वाजते आणि मंदाकिनीबाईंना जाग येते. वाटी शिगोशीग तशीच आहे. उजव्या मुठीत मात्र पुडी आहे. टोक आत खोचून बसवलेली, दोरा न लावता घट्ट. अशी पुडी बांधणारे या घरात आता कोणी उरलेले नाही.

यजमान श्रीधरपंत दारात चपला काढतात. त्यांची नजर वाटीवर जाते. "आज इथे? कोठीत उंदीर निघाला का?"

म्हणजे यांना सारे ठाऊक होते. मंदाकिनीबाई त्यांच्यासाठी खुर्ची ओढतात. "बसा," त्या म्हणतात.

त्या पुडी उलगडतात. आत सुंठच आहे. वाटीच्या अर्ध्या भागावर चिमूटभर भुरभुरवून एक चमचा खातात, सावकाश. मग उरलेल्या अर्ध्यातला, सुंठीवाचूनचा, दुसरा चमचा.

मंदाकिनीबाई मान वर करतात आणि भिंतीवरच्या फोटोकडे सरळ पाहून म्हणतात,

"सुंठीनं बिघडतं."