सेवादासच्या गिटारीवरचा ढावलो

दिग्रसच्या गोविंदा बँडमध्ये सेवादास राठोड स्टील गिटार वाजवायचा. गिटार म्हटली की लोकांना ती उभी धरून खाजवायची आठवते. ही तशी नाही. ही मांडीवर आडवी निजवायची, उजव्या बोटांत नख्या घालून तार छेडायची आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारेवरून सरकवत न्यायची. कांडी सरकेल तसा सूर सरकतो, मधे कुठं तुटत नाही. वरातीत सेवादास तिला पट्ट्यानं गळ्यात आडवी अडकवायचा आणि भोंग्यांच्या हातगाडीमागं वाजवत चालायचा.

ही वस्तू बोरखडीच्या बंजारा तांड्यातल्या माणसाकडं आली कशी, असं लोक विचारत. विचारण्याचा सूर असा, की जशी चोरीचीच असेल. पण सेवादासनं ती हक्कानं मिळवली होती. तरुणपणी तो वामनराव देशकरांच्या घराची कौलं फेरायला गेला. वामनराव सरकारी कचेरीत हेडक्लार्क. खाली ओसरीत ते या गिटारीवर अभंग वाजवत बसले होते, आणि हा गडी कौल हातात धरून वरच बसून राहिला. ऊन डोक्यावर आलं तरी एक कौल हललं नाही.

"काय रे, झोपलास का वर?" वामनरावांनी विचारलं.

"नाही जी. ते मधी एकदा वाकडं गेलं तुमचं. तिथंच अडकलो."

वामनराव चिडले, मग तेच कडवं पुन्हा वाजवून पाहिलं, मग त्याला खाली बोलावलं. पुढं कितीतरी वर्षं दर गुरुवारी सेवादास त्यांच्या ओसरीत बसला. वामनरावांची शिकवण जुन्या गवयांची. "आधी मनात गा, मग कांडी सरकव. गळ्यातून येत नाही ते तारेतून येणार नाही." निवृत्त होऊन ते नागपूरला पोराकडं गेले तेव्हा गिटार यालाच देऊन गेले. म्हणाले, "तिथं फ्लॅट आहे. मी वाजवलं तर सून मलाच बाहेर काढेल."

सेवादास बँडवर सिनेमाची गाणी वाजवायचा, भजनी मंडळात अभंग वाजवायचा, आणि दोन्ही त्या गवयी चालीनं, सूर ओढत ओढत. नाचणारी पोरं कधी कधी वैतागायची. "काका, हे लगन हाय, कीर्तन नाही." तो हसायचा आणि जरा भराभर वाजवायचा.

पण एक चाल त्यानं कधी कुणासमोर वाजवली नव्हती. ती होती ढावल्याची.

बंजाऱ्यांच्या तांड्यात नवरी सासरी निघते तेव्हा ती ढावलो म्हणते. माय, काकी, आत्या, भाऊ, बाप, एकेकाच्या गळ्यात पडून म्हणते. बाहेरून आलेल्यांना ते नुसतं रडणं वाटतं. साहेब लोक तर घड्याळ पाहतात. पण ते रडणं नाही, ते बोलणं आहे. बाईमाणसाला अख्ख्या तांड्यासमोर तोंड उघडून, सुरात, मनातलं सगळं सांगायची ती वेळ असते, आणि तेवढा वेळ नायक, म्हणजे तांड्याचा प्रमुख, तोसुद्धा तिला गप म्हणू शकत नाही. शब्द जिचे तिचे, चाल मात्र आजीपणजीकडून आलेली. आणि ती चाल बायकांची. पुरुषानं तिला तोंड लावायचं नाही.

सेवादासची बायको लालीबाई स्वतःच्या लग्नात ढावलो म्हणाली, तेव्हा तो डोक्याला पागोटं बांधून बाजूला बसला होता. 'याडी' म्हणजे आई, 'मार याडी' म्हणजे माझी आई. सगळ्या नवऱ्या 'याडी' म्हणताना सूर खाली सोडतात. लालीनं तो वर नेला आणि तिथंच लटकत ठेवला, जशी खाली उतरायला वाटच नाही. म्हाताऱ्या बायांनी एकमेकींकडं पाहिलं. सेवादासनं मात्र तो सूर तिथून उचलला आणि जन्मभर जवळ ठेवला.

लाली काविळीनं गेली तेव्हा पोरगी समीक्षा सहा वर्षांची होती. ती आधी आश्रमशाळेत राहिली आणि मग यवतमाळला नर्सिंगला गेली. सेवादास चार एकरांत कापूस लावायचा आणि दुपारी बांधावरच्या पळसाखाली बसून, भोंगा नाही, माणूस नाही, अशा जागी लालीचा तो सूर कांडीनं शोधायचा. सापडला त्या दिवशी त्यानं कांडी खिशात टाकली आणि घरी येऊन निजून राहिला. जेवलाही नाही.

समीक्षाचं लग्न ठरलं ती सालं कापसानं वाईट नेलेली. मार्केटात भाव ऐकून माणसं गाडी तशीच फिरवायची. दिल्लीहून पॅकेज आलं म्हणून पेपरात यायचं, आणि तांड्यात पेपर यायचा तो भजी बांधून. लग्नं पुढं ढकलली जात, जी होत त्यांत बँड नसे. बँडवाल्या गोविंदाची हातगाडी गोडाऊनमागं गंजत होती. सेवादासनं बैलजोडी विकली, पण गिटारीला हात लावू दिला नाही. आणि लग्न तांड्यातच करायचं ठरवलं. सामूहिक लग्नात तालुक्याच्या मैदानावर पुढाऱ्यांच्या भाषणांत पन्नास जोडपी एका माइकवर उरकतात, तिथं पोरीला ढावलो म्हणायला कोण जागा देणार?

समीक्षा लग्नाच्या आठवड्यात घरी आली. सेवादासची आत्या धनीबाई तिला ढावलो शिकवायला बसली. भोवती तांड्याच्या पोरी.

"म्हण. मार याडी ये..."

समीक्षानं म्हटलं. गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची भाषा, तिला समजायची, पण जिभेवर मराठी बसलेली.

"नर्सबाई सुई टोचाले आली वाटते," एक पोरगी नर्सची नक्कल करत म्हणाली. "हात ढिला सोडा, मावशी."

पोरी खिदळल्या. समीक्षाचं नाक लाल झालं. "मले नाही येत असं मुहूर्त पाहून रडता."

"रडाले कोन सांगितलं तुले? बोलाचं हाय. रडणं मागून आपोआप येते."

"मंग मी मराठीत बोलीन."

"मराठीत?" धनीबाई म्हणाली. "ढावलो हाय का तहसिलात द्यायचा अर्ज हाय?"

पुन्हा हशा. समीक्षा उठली आणि घरामागं निघून गेली. धनीबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि सेवादासकडं मोर्चा वळवला.

"पोरगी बिनढावल्याची गेली त लोक काय म्हणतीन, ठाऊक हाय? बिनमायची होती, म्हणतीन. तुले कोनी बोट नाही लावणार. नाव लालीचं निघन."

हे सेवादासला तिनं सांगायची गरज नव्हती. तेच तर त्याला कितीतरी रात्री खात होतं. माय नाही म्हणून पोरगी मुकी गेली, असं कुणी म्हणायला नको. आणि लालीचा तो वरचा सूर त्याच्या पोटातच राहून एक दिवस त्याच्याबरोबर जळून जायला नको.

त्यानं गिटार उचलली आणि घरामागं गेला. समीक्षा दगडावर बसून काडीनं माती उकरत होती. तो समोर बसला, गिटार मांडीवर घेतली आणि वाजवायला लागला.

तिनं थोडा वेळ मान वर केली नाही. मग काडी थांबली.

"हे काय होय, बापू?"

"तुही माय."

"म्हंजे?"

"आमच्या लग्नात असं म्हणली होती. हे पाय, इथं. सगळ्या खाली येतेत. थे वर गेली."

समीक्षानं कान जवळ आणला. "पुन्हा वाजव."

त्यानं वाजवलं.

"शब्द काय होते?"

"शब्द नाही आठवत, बाई. चाल आठवते. पळसाखाली बसून शोधली थे. शब्द तुहे टाक."

ती गुणगुणायला लागली. शब्द नसले की जीभ अडखळत नाही. सुरामागं सूर, कांडी जाईल तिकडं तिचा गळा. वरच्या जागी मात्र दर वेळी पाय घसरायचा, आणि दर वेळी गिटार तिला हाताला धरून वर न्यायची. अंधार पडेपर्यंत दोघं तिथंच होती.

धनीबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली ती तशीच उभी राहिली. "कारे सेवा, बायाचं गाणं चोरलं काय लेका? आता लुगडं नेस, म्हंजे झालं."

"नेसतो न. तुहं देतं का?"

"माह्यं तुले पुरते का, पोट पाय आपलं." पण तांब्या ठेवून ती गेली नाही. भिंतीला टेकून बसली. ती वरची जागा पुन्हा आली तेव्हा म्हणाली, "लालीचंच हाय हे. तिच्या मायनं तिले झापलं होतं याच्यासाठी."

असं ठरलं, की निघायच्या वेळी सेवादास वाजवेल आणि समीक्षा मागून म्हणेल. नायकानं भुवया चढवल्या. "बाप ढावलो वाजवते, हे कोनी आयकलं काय?"

"दुसऱ्याच्या पोरीच्या वरातीत जन्मभर वाजवलं, नायक," सेवादास म्हणाला. "तवा तुमी नाचले. आता माह्या पोरीच्या टायमाले लाज वाटून राह्यली का तुमाले?"

नायकानं तंबाखू मळली आणि विषय सोडला. गोविंदा भोंगा घेऊन यायला तयार होता, फुकट. सेवादास नको म्हणाला. हे गावाला ऐकवायचं नव्हतं.

लग्न लागलं, पंगती उठल्या. नवरदेवाकडचा टेम्पो लिंबाखाली येऊन उभा राहिला आणि ड्रायव्हर हॉर्न मारायला लागला. त्याला मारेगावच्या पुढं जायचं होतं. बाया गोल करून उभ्या राहिल्या. सेवादासनं गळ्यात पट्टा अडकवला आणि पहिला सूर ओढला. पुरुषांतून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग हसणं थांबलं, कारण समीक्षा धनीबाईच्या गळ्यात पडली होती आणि तिचा आवाज निघाला होता.

शब्द अर्धे गोरबोलीतले, अर्धे यवतमाळच्या हॉस्टेलातले. तुझ्या पायाची सूज आता कोण दाबून पाहील, आजी, बीपीची गोळी तू गाईच्या गव्हाणीत टाकतेस, मला ठाऊक आहे. बाया रडता रडता हसल्या. धनीबाई म्हणाली, "सांगून देलं न सगळ्याइले," आणि तिला आणखी घट्ट धरलं. मग काकी, मग शेजारची, मग लहानपणीची मैत्रीण. गिटार पुढं, पोरगी मागं. वरच्या जागी सूर लटकायचा, आणि म्हाताऱ्या बाया एकमेकींकडं पाहायच्या, तशाच, जशा लालीच्या वेळी तिच्या माहेरच्या पाहत होत्या. सेवादासला वाटलं, झालं. पोहोचवलं आपण.

आणि समीक्षा त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

तिनं हात पुढं केले, पण मधे गिटार आडवी. गळ्यात पट्टा, एका हातात कांडी, दुसऱ्या हातात नख्या. एवढे दिवस त्यानं एकेकीचा विचार केला होता, धनीबाईच्या वेळी किती ओढायचं, काकीच्या वेळी किती. आणि बापाच्याही गळ्यात पोरगी पडते, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. दुसऱ्यांच्या लग्नात तो हातगाडीमागं उभा असायचा. ढावलो आपल्यालाही कुणी म्हणणार आहे, हे त्यानं मोजलंच नव्हतं.

तो वाजवतच राहिला. थांबलो तर ती थांबेल, ही भीती. समीक्षा नुसती उभी. तिच्याजवळ सूर होता, पण गळा नव्हता धरायला.

"सेवा," धनीबाई म्हणाली, "ठेव ते. पोरगी लाकडाच्या गळ्यात पडन काय?"

त्यानं पट्टा काढला. गोविंदा पुढं झाला आणि त्यानं गिटार दोन्ही हातांवर घेतली. तारेचा सूर थांबला, आणि हॉर्न फार मोठा वाजला.

समीक्षानं बापाच्या गळ्यात हात टाकले. तोंड त्याच्या खांद्यात. सूर येईना. बायांनी पदर तोंडाला लावले. सेवादासचे हात मोकळे होते आणि मोकळ्या हातांचं काय करायचं ते त्याला कळेना. शेवटी त्यानं एक तिच्या पाठीवर ठेवला.

"मार बापू," ती म्हणाली. हे सुरात नव्हतं. मग श्वास घेतला आणि सुरात म्हणाली. तू मला याडीचं गाणं दिलं. माझ्याजवळ आता ते आहे. तुझ्याजवळ काय राहिलं, बापू, पळसाखाली बसून तू आता काय शोधशील?

एवढं म्हणून ती वरच्या जागेशी आली आणि अडकली. गिटार नव्हती वर न्यायला. एकदा प्रयत्न केला, घसरली. पुन्हा केला, पुन्हा घसरली. रडू फुटलं ते तिथं, आणि आता ते नुसतं रडूच होतं.

सेवादासनं तोंड उघडलं. अख्ख्या तांड्यासमोर, नायकासमोर, व्याह्यांसमोर, बँडवाल्याच्या त्या जाड्याभरड्या आवाजात त्यानं 'याडी' म्हटलं आणि सूर वर नेला. आवाज फाटला, पण वर गेला आणि तिथं थांबला. पुरुषानं ढावलो म्हटल्याचं बोरखडीत कुणाला आठवत नव्हतं. नायकानं मान खाली घातली. पण हसलं कुणी नाही.

समीक्षानं त्याचा सूर पकडला. दोघं काही वेळ तिथंच होती, वर, उतरायची घाई नसल्यासारखी. मग धनीबाईनं आपला म्हातारा आवाज त्यात घातला, मागून काकीनं, आणि एकेक करत सगळ्या बाया त्या जागेवर चढल्या.

ड्रायव्हरनं पुन्हा हॉर्नकडं हात नेला. नवरदेवाचा बाप गुलाबसिंग टेम्पोजवळ उभा होता. त्यानं खिडकीतून हात घालून किल्ली काढली, धोतराच्या कंबरेला खोचली आणि लिंबाखाली मांडी घालून बसला.

"मारेगाव कुठं पळून नाही जात," तो ड्रायव्हरला म्हणाला. "बस तूबी."