ब्लाउजातली माया

आईच्या दुखण्याचं निदान झालं तेव्हा घरात सगळ्यात जास्त गोंधळ ‘फेल’ या एका शब्दाने घातला. अमरावतीच्या डॉक्टरांनी ‘हार्ट फेल्युअर’ म्हटलं आणि बाबांचं तोंडच उतरलं. हार्ट फेल झालं, तर ही समोर बसून चहा कशी पिऊन राहिली, असा त्यांचा सरळ सवाल होता. मी तिथेच हृदयरोगाच्या वॉर्डात नर्स, त्यामुळे समजावण्याचं काम माझ्याच गळ्यात पडलं. म्हटलं, बाबा, फेल नाही, एटीकेटी आहे. हृदय चालू आहे, पण रक्त पुढे ढकलायला त्याची ताकद कमी पडते, म्हणून अंगात पाणी साठतं. लघवीची गोळी ते पाणी बाहेर काढते. मीठ कमी करायचं, पाणी मोजून प्यायचं, रोज सकाळी चहाच्या आधी वजन करायचं, आणि वजन एकाएकी वाढलं की मला फोन. बाबांनी सगळ्याला मान डोलावली. त्यांचं पातूरला शिलाईचं दुकान आहे. गिऱ्हाइकाचं म्हणणंही ते असंच मान डोलावून ऐकतात आणि मग आपल्या मनासारखं शिवतात.

आता आमच्याकडची एक गंमत सांगते. आमच्याकडे तब्येत म्हणजे वजन. ‘तब्येत झाली’ म्हणजे माणूस जाड झाला, विषय संपला. मला कळतं तेव्हापासून आई हडकुळीच. बाजारात कोणीही बाबांना अडवून विचारायचं, बायकोले जेवू घालता का नाही? काकू तर दर सणाला हाच विषय काढायची. बाबा हसण्यावारी न्यायचे, पण आईच्या प्रत्येक ब्लाउजात भरपूर माया ठेवायचे. माया म्हणजे शिवणीच्या आत दडवलेलं जास्तीचं कापड, पुढे ब्लाउज ढिला करायला कामी येतं. हिची तब्येत झाली तर असावी, म्हणायचे. एवढ्या वर्षांत ती माया कधी उसवावी लागली नाही. चांगलं कापड वाया घालवता, म्हणून आई कुरकुरायची.

आई-बाबा अमरावतीहून पातूरला परतले. आईचं कसं काय, असं मी फोनवर विचारायची, आणि बाबा म्हणायचे, एकदम फर्स्ट क्लास. वजन किती? तर काट्याचा सेल गेला. पुढच्या वेळी विचारलं, तर सेल आणायचा राहिला. आवाज मात्र असा खूश, जसं काही घरात लगीन निघालं. कुठेतरी पाणी मुरत होतं. सुट्टी मिळताच मी पातूरची बस धरली.

पाणी कुठे मुरत होतं, ते दारातच दिसलं. आई खुर्चीत बसलेली, गाल भरलेले, डोळ्यांखाली सूज, पाय असे तट्ट की बाबांनी तिला नव्या मोठ्या चपला आणल्या होत्या. शेजारी काकू बसून कौतुक करत होती की आत्ता कुठे हिनं अंग धरलं. आणि आमची आई चक्क लाजत होती! पण एक वाक्य बोलायला तिला मध्ये दोनदा थांबावं लागत होतं. झोप कशी लागते, विचारलं, तर म्हणाली, बसूनच झोपते, आडवं झालं की जीव घुसमटतो.

तेवढ्यात बाबा आतून ब्लाउजांचा गठ्ठा घेऊन आले. सगळ्यांची माया उसवलेली. मी गोळ्या मागितल्या. लघवीच्या गोळ्यांचं पाकीट जवळपास भरलेलंच होतं.

“त्या गोळीनं तुही माय उतरून राहिली होती,” बाबा म्हणाले. “मीच बंद केली.”

माझं डोकंच फिरलं. काकूसमोरच मी वॉर्डातल्या आवाजात बापाला झापलं. हे मांस नाही बाबा, पाणी आहे, आणि ते फुप्फुसात गेलंय, आणखी थोडे दिवस असंच कौतुक केलं असतं तर आई हातची गेली असती. काकू उठून कधी निघून गेली ते कळलंही नाही. मी शेजारची गाडी बोलावली आणि आईला अकोल्याला दवाखान्यात नेऊन भरती केलं.

तिथे ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं सुरू झाली आणि पाणी उतरू लागलं. काही दिवसांत आई एका उशीवर आडवी झोपायला लागली. मला एवढं हायसं वाटलं की विचारू नका. गाल मात्र पुन्हा बसले. बाबा स्टुलावर बसून त्या गालांकडेच बघत राहायचे. एकदा आईचा डोळा लागलेला पाहून ते हळूच बोलले, “लग्न होऊन आली तवा चांगली भरलेली होती वं. माह्या घरी येऊन वाळली. मले तिले एक डाव तशी पाह्याची होती.”



सुट्टी व्हायच्या दिवशी मी बाबांना सूज ओळखायला शिकवलं. घोट्याच्या वर नडगीवर अंगठा थोडा वेळ दाबून धरायचा, मग सोडायचा. खड्डा राहिला तर पाणी आहे. काटा बिघडतो, अंगठा बिघडत नाही, असं मी मुद्दामच ऐकवलं. बाबा पुढे झाले, तशी आईने पाय झटकन लुगड्यात ओढून घेतले. नवऱ्याने बायकोच्या पायाला हात लावायचा? पाप लागतं. लेकीने पाहावं, लेकीचं चालतं. मी म्हटलं, लेक अमरावतीला असते, रोज सकाळी तुझी नडगी दाबायला येणार नाही. मग काय काकूला सांगू?

बाबा खाटेच्या पायथ्याशी उभेच होते. शेजारच्या खाटांवरच्या बायका उघडपणे आमच्याकडे बघत होत्या. शेवटी आईने भिंतीकडे तोंड केलं आणि एक पाय लुगड्यातून बाहेर काढला. बाबांनी अंगठा ठेवला.

“दाबा,” आई भिंतीकडेच बघत म्हणाली, “पन मी वाळली त रडू नका.” बाबा स्टुलावर बसून बोलले त्या दिवशी ती झोपलेली नव्हती, हे मला आत्ता कळलं.

“नाही रडत,” बाबा म्हणाले, आणि रडले.