साडूंचा अ‍ॅम्प्लिफायर

धुळ्याचे माझे साडू नात्याने थोरले, म्हणून मी त्यांना भाऊ म्हणायचो. आम्हा दोघांना वेड एकच, रेकॉर्ड लावायचा अ‍ॅम्प्लिफायर घरी जोडायचं. सत्तरच्या पुढची ती वर्षं. एकाच मासिकातली आकृती समोर ठेवून त्यांनी धुळ्यात जोडला, मी जळगावात. सुटे भागही मुंबईहून एकाच पार्सलात आले होते. तरी त्यांचा गायचा आणि माझा खरखरायचा. मोठ्या आवाजात ठीक, पण हळू लावला की सनईचा घसा बसायचा.

"अक्काकडे कसं स्वच्छ ऐकू येतं," बायको म्हणायची. अक्का म्हणजे तिची थोरली बहीण. हे ऐकलं की माझा घास तोंडातच फिरायचा.

भाऊंना कारण विचारलं तर म्हणाले, "हाताला गुण असावा लागतो."

मग मी हट्टाने मीटर लावून बसलो. गाणं वाजत नसतानाही शेवटच्या दोन ट्रान्झिस्टरांतून थोडा करंट वाहता ठेवावा लागतो, त्याला बायस म्हणतात. माझा फारच कमी होता. स्क्रू फिरवून जरा वाढवला आणि खरखर गेली. पण जळगावचा उन्हाळा. ट्रान्झिस्टर तापले की करंट वाढे, करंट वाढला की ते आणखी तापत. शेवटी जाड अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा लावला आणि बायस धरणारा डायोड त्यालाच चिकटवला. आता पत्रा तापला की डायोड आपोआप करंट आवरायचा.

मे महिन्यात भाऊंच्या धाकट्याचं बारसं होतं. बैठकीत त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर काचेच्या कपाटात, वर क्रोशाचा रुमाल. पाहुणे माना डोलावत होते. मी कपाटाचं दार किलकिलं करून त्याच्या पत्र्याला हळूच बोट लावलं आणि झटकन काढलं. डायोड पत्र्यापासून लांब, मोकळाच होता.

"भाऊ, फार तापलाय. दार उघडं ठेवा, बायस थोडा उतरवा."

"साडूबुवा, तो नाही तापला. तुम्हीच जळताय," ते सगळ्यांदेखत म्हणाले. बैठक हसली. मीही हसलो, कारण ते खोटं नव्हतं.

पाळणा म्हणून होतो न होतो तोच आवाज फाटला, जळका वास आला आणि सगळं गप्प झालं. "काय व्हयनं भो?" एका म्हाताऱ्या पाहुण्याने विचारलं. भाऊंनी उठून प्लग काढला. हा क्षण मी मनात कितीदा रंगवला होता, पण त्यांचा उतरलेला चेहरा पाहून मजा येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच जपून ठेवलेली ट्रान्झिस्टरांची जादा जोडी माझ्या पुढ्यात ठेवली. "तुमच्या पद्धतीने बसवा," म्हणाले. मी ट्रान्झिस्टर बदलले, डायोड पत्र्याला चिकटवला, मीटर बघत बायस लावला. दुपारभर वाजवला, पत्र्यावर हात ठेवता येत होता. अक्कांनी मला आग्रहाने दुसऱ्यांदा आमरस वाढला.

आणि तरीही तो माझ्यापेक्षा गोडच वाजत होता. स्पीकरची पेटी त्यांनी सागवानाची करून घेतली होती. माझी खोक्याच्या फळ्यांची. परतीच्या एसटीत पारोळा मागे पडेपर्यंत मी त्या पेटीचाच विचार करत होतो. एरंडोलला बायकोने विचारलं, "आता कसली चिंता?"

"जळगावात साग कुठे मिळेल?" मी म्हणालो.